मशरूम परतताना आधी पाणी, मग तेल

मशरूमची भाजी बिघडते ती बहुतेक वेळा एकाच रीतीने. कढईत तेल तापतं, चिरलेलं सगळं पाकीट त्यात पडतं आणि दोन-तीन मिनिटांनी बघावं तर तळाशी राखाडी पाणी आणि त्यात डुंबणारे तुकडे. मग गॅस मोठा होतो, वर झाकण बसतं, मीठ पडतं, पाणी आणखी वाढतं. शेवटी ताटात येतं ते चिवट आणि चवीला मिळमिळीत. ‘मला नाही आवडत मशरूम’ म्हणणाऱ्या पुष्कळांनी आजवर हा असा उकडलेला मशरूमच खाल्लेला असतो.

बटण मशरूममध्ये वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. २०० ग्रॅमचं पाकीट आणलं की त्यात १८० ग्रॅमच्या वर पाणीच आलं. तापल्यावर ते बाहेर येणार, त्याला इलाज नाही. आपल्या हातात आहे ते असं, की ते पाणी आधी काढून आटवायचं आणि मगच तेल घालायचं. आपल्या फोडणीच्या सवयीच्या हे अगदी उलटं आहे, म्हणून पहिल्यांदा करताना हात आपसूक तेलाच्या बरणीकडे जातो. तो आवरा. या एका बदलाने भाजी खमंगही होते आणि तेलही निम्म्याहून कमी लागतं. बाकी लसूण, मिरी, लिंबू हे सगळं त्यानंतरचं.

काय काय लागेल

दोघांना भाकरीबरोबर तोंडीलावणं म्हणून, किंवा एकट्याला वाटीभर:

- बटण मशरूम २०० ग्रॅम (दुकानात साधारण याच मापाचं पाकीट मिळतं)
- पाणी २ मोठे चमचे
- तेल २ छोटे चमचे
- लसूण ५-६ पाकळ्या, बारीक चिरून
- हिरवी मिरची १, उभी चिरून
- काळी मिरी ८-१० दाणे, जाडसर कुटून
- मीठ पाव छोटा चमचा
- अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर

तेल घरात असेल ते चालेल. मला शेंगदाण्याचं आवडतं, कारण मशरूमच्या वासाशी त्याचं जमतं आणि ते चांगलं तापतं. ऑलिव्ह ऑइल असेल तर घाला, पण केवळ या भाजीसाठी विकत आणायची गरज नाही. बटरची चव सुंदर लागते, मात्र मोठ्या आचेवर ते करपतं. हवंच असेल तर गॅस बंद केल्यावर चमचाभर सोडा.

कांदा आणि टोमॅटो यादीत नाहीत, आणि ते विसरलेले नाहीत. दोघांनाही स्वतःचं पाणी असतं. शिकाऊ हाताने एका वेळी एकाच पाण्याशी झुंजावं.

भांडं

इथे भांड्याच्या धातूपेक्षा त्याचा पसरटपणा जास्त महत्त्वाचा. तुकडे तळावर जवळजवळ एका थरात बसले पाहिजेत. २०० ग्रॅमसाठी २५-२६ सेंटिमीटर रुंद पॅन किंवा खोलगट तवा पुरतो. खोल, अरुंद कढईत खालचे तुकडे वाफ सोडतात, वरचे त्या वाफेत शिजतात आणि भाजायची वेळ कुणाचीच येत नाही.

बिडाचा तवा किंवा जाड बुडाची लोखंडी कढई सर्वांत उत्तम, कारण मशरूम पडल्यावरही ती पटकन गार होत नाही. स्टीलचा जाड पॅन चालतो, थोडं चिकटेल, पण तळाला धरलेली ती तांबूस साय चमचाभर पाणी टाकून खरवडली की भाजीतच मुरते. नॉनस्टिक नवशिक्यांना सोपा, फक्त तो रिकामा असताना मोठ्या आचेवर तापवू नका. इंडक्शन असेल तर भांडं सपाट बुडाचंच घ्या. पाणी आटवायच्या टप्प्याला १४००-१६०० वॅट ठेवा आणि तेल घातल्यावर १०००च्या आसपास आणा.

पाकीट निवडताना

पाकीट उलटं करून पाहा. खाली पाण्याचे थेंब साचलेले असतील, तर ते पाकीट थंडीतून उन्हात आणि उन्हातून थंडीत बरंच फिरलंय. मशरूम हाताला कोरडे आणि घट्ट लागले पाहिजेत. बोट लावल्यावर बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर नको, कितीही स्वस्त असले तरी.

टोपीच्या खालची बाजू बघायला शिका. ताज्या, कोवळ्या बटण मशरूममध्ये टोपीची कड आणि देठ यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो आणि तो बंद असतो. मशरूम वाढला की तो फाटतो आणि आतल्या तपकिरी चिरा दिसायला लागतात. फाटलेला पडदा म्हणजे खराब मशरूम नव्हे. त्याला चव उलट जास्तच असते, फक्त तो त्याच दिवशी करायचा.

पांढरेपणाला मात्र फसू नका. काढणीनंतर बटण मशरूम पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाईटच्या पाण्यातून काढण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यामुळे झळझळीत पांढरा म्हणजे ताजा असं समीकरण नाही. किंचित मळकट, एखाददुसरा तपकिरी ठिपका असलेला, पण घट्ट असा मशरूम मी आधी उचलेन.

बटण मशरूमला वाढताना थंडी लागते, फळं धरताना साधारण १४ ते १८ अंश. म्हणूनच हिमाचलमधलं सोलन या पिकाचं गाव झालं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं मशरूम संशोधन संचालनालयही तिथेच आहे. आता वातानुकूलित खोल्यांमुळे तो बारा महिने मिळतो, पण हिवाळ्यात उत्तरेत झोपड्यांमधून होणारं पीकही बाजारात येतं आणि तेव्हा माल जास्त असतो. शिकायला सुरुवात करायची तर तो मोसम बरा.

घरी आणल्यावर

त्याच दिवशी करणार नसाल तर प्लॅस्टिकमधून बाहेर काढा. कागदी पिशवीत घालून किंवा वर्तमानपत्राऐवजी साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. कागद ओल शोषतो, प्लॅस्टिक ती साचवतं. असे तीन-चार दिवस नीट राहतात. आधीच धुऊन ठेवण्याचा उत्साह दाखवू नका, ओल्या मशरूमला दुसऱ्याच दिवशी बुळबुळीतपणा येतो.

धुवायचे की पुसायचे

यावर घराघरांत वाद असतात. मशरूम पाणी पितो, म्हणून धुवू नये, ओल्या फडक्याने पुसावा, असं बरेच जण सांगतात. खरं पाहता झटपट धुतल्याने तो फारसं पाणी घेत नाही. वजनकाटा असेल तर आधी आणि नंतर तोलून बघा. शिवाय आपण तर पॅनमध्ये मुद्दाम दोन चमचे पाणी घालणार आहोत, तिथे चार थेंबांची काय मातबरी! भिजत मात्र ठेवायचे नाहीत.

मशरूमला लागलेली काळी माती शेतातली नसते. गव्हाच्या काडाचं कंपोस्ट कुजवून, वाफेने तापवून त्यावर बी घालतात आणि वर एक मातीसारखा थर पसरतात. त्याचेच कण टोपीला चिकटून येतात. ते पाण्याने निघतात, पण हट्टी असतील तर आपली घरगुती युक्ती आहेच: पातेलंभर पाण्यात चमचाभर कणीक घाला, त्यात मशरूम टाकून हाताने हलकेच चोळा आणि लगेच स्वच्छ पाण्यातून काढा. कणकेचे बारीक कण मळ खरवडून काढतात. मग कोरड्या फडक्यावर पसरा. साल काढायची गरज नाही. देठही टाकू नका, त्याचं वाळकं टोक तेवढं कापा.

चिरताना

पातळ काप दिसायला छान, पण शिजल्यावर चिंधीसारखे होतात. मशरूम शिजून निम्म्यावर येतो, हे डोक्यात ठेवून चिरा. छोटे असतील तर दोन भाग, मध्यम असतील तर चार. काप हवे असतील तर करंगळीच्या जाडीचे. सगळे तुकडे साधारण सारखे असू द्या. चिरल्यावर ते हळूहळू तपकिरी पडतात, वांग्यासारखेच, आणि त्याने काही बिघडत नाही. तरी लसूण, मिरची, कोथिंबीर आधी चिरून ठेवा आणि मशरूम शेवटी घ्या.

आता गॅसजवळ

१. पॅन मध्यम-मोठ्या आचेवर ठेवा, मशरूम घाला, दोन मोठे चमचे पाणी घाला. तेल नाही, मीठ नाही, झाकणही नाही. हलवून एकसारखे पसरा.

२. दीड-दोन मिनिटांत वाफ धरेल आणि मशरूमचं स्वतःचं पाणी सुटायला लागेल. घातलं त्याच्या कितीतरी पट दिसेल. घाबरू नका, हेच तर हवं होतं. ते पाणी ओतून देऊ नका. मशरूमची चव आणि पाण्यात विरघळणारी ब-जीवनसत्त्वं त्यातच उतरलेली असतात. आच मोठी ठेवून ते पॅनमध्येच आटवायचं, म्हणजे सगळा अर्क तुकड्यांवर परत बसतो. अधूनमधून हलवत राहा. सुरुवातीपासून आटेपर्यंत आठ-दहा मिनिटं लागतील.

या टप्प्याला डोळ्यांपेक्षा कान जास्त कामाला येतात. पाणी भरपूर असताना आवाज खदखदण्याचा, एकसारखा असतो. आटत आलं की बुडबुडे मोठे आणि जाडसर होतात, तळाशी तपकिरी पाकासारखं काहीतरी दिसायला लागतं. मग ती खदखद एकदम थांबते आणि कोरडी चरचर सुरू होते. तुकडे आकाराने लहान, रंगाने गडद आणि चकचकीत झालेले असतात. पॅन तिरका केला तर एक थेंबही वाहत नाही. हीच तेलाची वेळ.

३. आच मध्यम करा. दोन छोटे चमचे तेल कडेने सोडा, हलवून सगळ्या तुकड्यांना लागू द्या आणि पुन्हा एका थरात पसरा. आता हात मागे घ्या. दीड-दोन मिनिटं काही करायचं नाही. सतत ढवळत राहायची सवय आपल्याला पोह्या-उपम्याने लावली आहे, पण इथे तुकड्याची एक बाजू तव्याला टेकून राहिली तरच तिला तांबूस रंग चढतो. मग उलटा आणि पुन्हा मिनिट-दीड मिनिट थांबा.

४. तुकडे एका बाजूला सारा, मोकळ्या जागेत लसूण आणि मिरची घाला. पॅन फारच कोरडा वाटला तर चार थेंब तेल. लसणाला अर्धं मिनिट पुरे. वास सुटला, कड जेमतेम सोनेरी झाली, की सगळं एकत्र करा. लसूण सुरुवातीला घातला असता तर एव्हाना काळा आणि कडू झाला असता.

५. मीठ आणि मिरी घाला, दोनदा हलवा, गॅस बंद करा.

६. ताटलीत काढून मग लिंबू पिळा आणि कोथिंबीर घाला. लोखंडी भांड्यात असतानाच लिंबू पिळलं तर आंबटामुळे भाजी काळपट होते आणि तिला लोखंडाची चव येते.

चिरण्यापासून ताटापर्यंत अर्ध्या तासाच्या आत काम होतं.

असं का होतं

पाणी आहे तोवर पॅनमधलं अन्न १०० अंशांच्या फारसं वर जाऊ शकत नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे पाण्यात असताना कितीही मोठा गॅस केला तरी मशरूम उकडतच राहणार. रंग हवा तर आधी पाणी संपायला हवं.

तेलाचा हिशेबही इथेच सुटतो. कच्च्या मशरूमच्या आत हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. त्याला थेट तेलात टाकलं की तो स्पंजासारखं तेल ओढून घेतो, पॅन कोरडा दिसतो आणि आपण आणखी तेल ओततो. पाण्यात शिजून त्या पोकळ्या मिटल्या की तेल आत जायला जागाच राहत नाही, ते वरवरच लागतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. थेट तेलात परतताना असे दोन-तीन चमचे सहज जिरतात. आपल्या रीतीत दोन छोट्या चमच्यांच्या ८० कॅलरींत काम होतं, आणि २०० ग्रॅम मशरूमच्या स्वतःच्या तर जेमतेम ४५. म्हणजे इतकं कमी तेल घालूनही ताटातल्या निम्म्याहून अधिक कॅलरी तेलाच्याच. ‘मशरूम हलका असतो’ हे वाक्य तेलाची बरणी कुठे थांबते यावर खरं किंवा खोटं ठरतं.

नवशिक्यांना धीर देणारी आणखी एक गोष्ट. पालक दोन मिनिटं जास्त शिजला तर त्याचा लगदा होतो, अंडं जास्त झालं तर कोरडं पडतं. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटीन नावाच्या द्रव्याच्या असतात आणि ते उष्णतेने सहजी विरघळत नाही. त्यामुळे पाच-सात मिनिटं इकडेतिकडे झाली तरी मशरूम मऊ पडत नाही. कच्चा राहण्याची भीती मात्र बाळगा. बटण मशरूम सॅलडमध्ये कच्चे घालायची फॅशन आहे, पण ते शिजवलेलेच बरे: पचायलाही, आणि त्यातलं अगॅरिटिन नावाचं नको असलेलं द्रव्य शिजवल्याने कमी होतं म्हणूनही.

काही बिघडलंच तर

चिवट लागतोय: पाणी पुरतं आटायच्या आधीच उतरवला आहे. पुन्हा पॅनवर टाका आणि चरचर ऐकू येईपर्यंत थांबा.

खारट झाला: मीठ कच्च्या ढिगाकडे बघून घातलं. ढीग निम्मा होतो, मीठ तेवढंच राहतं. म्हणून मीठ शेवटी, आणि अंदाजापेक्षा कमी. मशरूममध्ये ग्लुटामेट निसर्गतःच भरपूर असतं, त्यामुळे थोड्या मिठातही चव भरल्यासारखी वाटते. रक्तदाबामुळे मीठ जपून खाणाऱ्यांसाठी ही भाजी त्या दृष्टीने सोयीची. खारट झालाच असेल तर बिनमिठाच्या भातात कालवा.

रंगच येत नाही: पॅनमध्ये गर्दी आहे. चौघांसाठी ४०० ग्रॅम करायचे असतील तर पाणी आटवायचा टप्पा एकदमच उरका, तिथे गर्दी चालते. तेलात भाजताना मात्र दोन खेपा करा.

कडू: लसूण करपला. याला उपाय नाही.

चव बदलायची असेल तर

मूळ रीत हाताशी आली की पुढचे फेरफार सगळे तेलानंतरच्या टप्प्यावरचे आहेत. मिरीऐवजी अर्धा छोटा चमचा कांदा-लसूण मसाला घाला, पण आच मंद करून, नाहीतर मसाला जळतो. त्यात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ कमी करा. कोकणी वळणाची हवी असेल तर लसणाबरोबर कढीपत्ता आणि उतरवताना दोन मोठे चमचे ओलं खोबरं. ढोबळी मिरची घालायची तर ती वेगळी, मोठ्या आचेवर दोन मिनिटं परतून शेवटी मिसळा. कांद्याचंही तेच, आधी वेगळा परतून बाजूला ठेवा.

गरम मसाला, क्रीम, काजूची पेस्ट यांच्यात मशरूम बुडवला की तो पनीरच्या जागी आलेला पाहुणा होतो. हॉटेलात तसं खायला माझी हरकत नाही. घरच्या साध्या जेवणात ज्वारीची भाकरी, ही परतलेली भाजी आणि वाटीभर ताक एवढ्यावर पोट भरतं. वरण-भाताबरोबरही झकास जमते.

धिंगरी मिळाली तर

महाराष्ट्रात बटणापेक्षा सहज पिकते ती धिंगरी अळिंबी, शिंपल्याच्या आकाराची, राखाडी किंवा पांढरी. तिला २० ते ३० अंशांचं हवामान मानवतं आणि गव्हाच्या, भाताच्या, सोयाबीनच्या काडावर ती वाढते. बरेच बचत गट ती पिकवतात आणि ताजी व वाळवलेली, दोन्ही विकतात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर संशोधनाचा प्रकल्पही चालतो.

धिंगरी सुरीने चिरू नका, हाताने लांबट फाडा. तिला स्वतःचे धागे असतात आणि त्या धाग्यांवर फाटली की कड छान कुरकुरीत भाजते. बुडखा चिवट असतो, तो काढून टाका. वाळवलेली असेल तर कोमट पाण्यात वीस मिनिटं ते अर्धा तास भिजवा आणि घट्ट पिळून घ्या. भिजवलेलं पाणी गाळून आमटीत वापरा. पुढची रीत तीच, फक्त पाणी लवकर आटतं. कान तयार ठेवा.

आरोग्याचं गणित, वाढवून न सांगता

१०० ग्रॅम कच्च्या बटण मशरूममध्ये सुमारे २२ कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे अख्ख्या पाकिटात एका अंड्याइतकी प्रथिनं. शाकाहारी माणसाने ‘मटणाला पर्याय’ म्हणून यावर विसंबू नये, सोबत डाळ-उसळ हवीच. ब-१२ही यातून पुरेसं मिळत नाही. जे मिळतं ते ब-२, ब-३, तांबं, सेलेनियम, पोटॅशियम आणि थोडे तंतू, तेही फार कमी कॅलरींत. मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पोटॅशियम मोजून खावं लागत असेल किंवा यूरिक अॅसिड वाढलेलं असेल, तर किती खायचा हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

एक गंमत मात्र खरी आहे. मशरूममधलं एर्गोस्टेरॉल उन्हातल्या अतिनील किरणांनी ड-२ जीवनसत्त्वात बदलतं. चिरलेले मशरूम परातीत पसरून दुपारच्या कडक उन्हात पंधरा मिनिटं ते अर्धा तास ठेवले तर ड जीवनसत्त्व बरंच वाढतं, आणि शिजवल्यावरही त्यातलं पुष्कळसं टिकतं. खिडकीच्या काचेमागे ठेवून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. गच्ची किंवा बाल्कनी लागेल, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी.

श्रावणात चालतो का, हा प्रश्न दरवर्षी निघतो. मशरूम ही बुरशी आहे, शास्त्राच्या हिशेबाने ना वनस्पती ना प्राणी. पंगत मात्र शास्त्रावर चालत नाही. जैन मंडळी खात नाहीत, आणि पुष्कळ घरांत जुनी माणसं त्याला ताटाजवळ येऊ देत नाहीत. पाहुण्यांना वाढायच्या आधी विचारून घ्या.

पावसाळ्यातली रानअळंबी

गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी रस्त्याकडेला पानांवर मांडून विकायला येते. भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो, पण चव तशीच असते. घ्यायची तर वर्षानुवर्षं तीच विकणाऱ्या, ओळखीच्या माणसाकडून घ्या. फोटो जुळवून, मोबाइलवर बघून स्वतः रानातून गोळा करू नका.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्ली असेल तर बिनविषारी, लसूण टाकून बघा, असल्या कसोट्या सांगितल्या जातात. त्या सगळ्या निरर्थक आहेत. सर्वांत घातक जातींमधलं विष शिजवून, वाळवून, कशानेही जात नाही आणि त्याची लक्षणं सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. उलट्या-जुलाब मधेच थांबून बरं वाटायला लागतं आणि तोवर यकृताची हानी चालूच असते. रानातली अळंबी खाल्ल्यावर असा त्रास झाला तर वाट न बघता दवाखाना गाठा, आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

उरलं तर

दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. मशरूम पुन्हा गरम करू नये असं म्हणतात. फ्रीजमध्ये नीट ठेवलेला असेल तर तशी काही अडचण नाही, फक्त वाफ येईपर्यंत पुरता गरम करा, आणि मायक्रोवेव्हपेक्षा पॅनवर, म्हणजे कड परत कोरडी होते. शिळ्या मशरूमचा मला आवडणारा उपयोग म्हणजे आमलेट: तुकडे बारीक चिरून आधी पॅनवर तापवायचे, मग त्यावरच फेटलेली अंडी ओतायची. अंडी खात नसाल तर डाळीच्या पिठाच्या धिरड्यावर पीठ ओलं असतानाच ते गरम तुकडे पसरून हलकेच दाबा आणि ती बाजू उलटून तव्यावर चांगली भाजा.